चार टाळकी जमली की मेंदूचं काय होतं?

मराठीत टोळ कधी एकटा नसतो. तो येतो तो धाड घालायलाच. बांधावर एखादाच बसलेला दिसला तर आपण त्याला नाकतोडा म्हणतो आणि पुढे जातो. म्हणजे एकट्याला एक नाव आणि घोळक्याला दुसरं. ही गफलत फक्त आपली नव्हे. कीटकांचा अभ्यास करणारी मंडळीही कितीतरी वर्षं एकट्याने राहणाऱ्या आणि थव्याने उडणाऱ्या टोळांना दोन वेगळ्या जाती समजत होती. तसं वाटणं साहजिकच होतं, कारण रंग वेगळा, अंगाची ठेवण वेगळी आणि वागणं तर अगदीच उलटं. १९२१ साली बोरिस उवारोव या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञाने हा घोळ निस्तरला. ही दोन रूपं एकाच जातीची आहेत, असं त्याने दाखवून दिलं. दोन्ही रूपांची सोय टोळाच्या जनुकांत असतेच. त्यातलं कुठलं जगायचं, हे आसपास आणखी किती टोळ आहेत त्यावर ठरतं.

आपण सहसा धरून चालतो की मेंदू आधी आणि संगत नंतर. प्राण्याचा मेंदू जसा घडलेला असेल तसा तो चारचौघांत वागतो. टोळाकडे पाहिलं की हा क्रम डळमळतो. इथे आधी चारचौघं येतात आणि मग मेंदू बदलतो. कसा बदलतो, हे ज्या प्रयोगातून कळलं त्यात महागडं यंत्र नव्हतं. होता तो चित्रकाराचा एक बारीक कुंचला.

एकटा वाढलेला वाळवंटी टोळ भिडस्त असतो. दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकतो. हिरवट किंवा मातकट रंगाने आसपासच्या झाडोऱ्यात मिसळून जातो, हळूहळू चालतो, उडायचंच असेल तर रात्री उडतो. थव्यातला टोळ याच्या नेमका उलट. त्याची पिल्लं पिवळी-काळी, दुरून उठून दिसणारी. तो दिवसाढवळ्या हिंडतो आणि दुसरे टोळ दिसले की त्यांच्याकडे ओढला जातो. ऑक्सफर्डमधल्या स्टीफन सिम्प्सन आणि सहकाऱ्यांना शोधायचं होतं की गर्दीतली नेमकी कुठली गोष्ट हा बदल घडवते. त्यांनी एकट्या टोळांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी कुंचला फिरवून पाहिला. मिनिटातून पाच सेकंद, असं चार तास. मिशा, तोंड, छाती, पोट, पुढचे पाय, कशाने फारसा फरक पडला नाही. मागच्या पायाच्या मांडीची बाहेरची बाजू मात्र कुरवाळली आणि भिडस्त टोळ घोळक्याकडे चालू लागला. हे निष्कर्ष २००१ साली छापून आले.

मांडीच का? टोळ दाटीवाटीने चरत असतील तर त्यांचे मागचे पाय एकमेकांना घासतात. फलाटावरच्या गर्दीत आपले खांदे घासतात तसेच. पायाला वारंवार होणारा स्पर्श ही त्या टोळासाठी शिरगणतीच आहे. आणखीही एक वाट आहे. दुसरे टोळ दिसले आणि त्यांचा वासही आला, तरी हाच बदल होतो. पण नुसतं दिसणं किंवा नुसता वास पुरत नाही, दोन्ही एकदम लागतात.

आता हा स्पर्श आत जाऊन करतो काय? २००९ साली केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याचं उत्तर दिलं. टोळाच्या छातीत चेतापेशींचे गुच्छ असतात. पाय आणि पंख यांचा कारभार तिथून चालतो. गर्दीत दोन तास घालवले की या गुच्छांत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. जे टोळ सगळ्यात जास्त गर्दीवेडे झाले होते, त्यांच्यात ते शांत टोळांच्या सुमारे तिप्पट भरलं. मग उलटतपासणी झाली. सेरोटोनिन तयारच होऊ दिलं नाही तेव्हा पायाला गुदगुल्या करूनही टोळ एकटाच राहिला. गर्दी न दाखवता नुसतं सेरोटोनिन दिलं तेव्हा तो घोळक्याकडे झुकला. गंमत म्हणजे ही वाढ टिकत नाही, दिवसभरातच ओसरते. रसायनाचं काम दार उघडण्यापुरतं असतं. पुढचे बदल, म्हणजे रंग, अंगाचा बांधा, हे सावकाश होतात आणि काही तर पुढच्या पिढीत उतरतात. गर्दीत राहिलेल्या मादीच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं जन्मतःच गर्दीकडे झुकलेली असतात.

मेंदूचा आकारही बदलतो. स्वीडबर्ट ऑट आणि स्टीफन रॉजर्स यांनी २०१० साली दोन्ही रूपांचे मेंदू मोजले. थव्यातला टोळ अंगाने एकट्या टोळापेक्षा लहान, पण त्याचा मेंदू जवळजवळ ३० टक्के मोठा निघाला. सगळे भाग सारख्या प्रमाणात मोठे झालेले नव्हते. डोळ्यांकडून आणि मिशांकडून येणारा कच्चा माल हाताळणाऱ्या भागांचा वाटा एकट्या टोळात जास्त होता. ठिकठिकाणची माहिती जुळवून निर्णय घेणारे भाग थव्यातल्या टोळात वाढलेले होते. थव्यात राहणं म्हणजे नुसतं मागे-मागे जाणं असतं तर एवढ्या मेंदूची गरज पडली नसती. पण टोळ एकमेकांना खातात. पिल्लांचे तांडे पुढे-पुढे का सरकत राहतात, याचं एक कारण २००८ साली पुढे आलं आणि ते फारसं उदात्त नाही. मागचा चावेल म्हणून पुढचा चालतो. पोटाकडून येणारी संवेदनेची नस कापली तर टोळाला मागचा चावा कळत नाही, तो रेंगाळतो आणि खाल्ला जातो. टोळभैरवांची एकजूट, दुसरं काय!

हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटेल, म्हणून थोडं बाहेर येऊ. २०१८ साली मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळली. रुब अल खाली या ओसाड वाळवंटात चक्क तळी साचली. ओल्या वाळूत अंडी, वर हिरवळ आणि पाहायला कोणी नाही. नऊ महिन्यांत टोळांच्या तीन पिढ्या वाढल्या. मग पाणी आटू लागलं, हिरवळीचे तुकडे आक्रसत गेले आणि विखुरलेले भिडस्त टोळ त्याच उरलेल्या तुकड्यांवर गोळा झाले. पायाला पाय लागले. पुढची कहाणी विदर्भाला ठाऊक आहे. २०२० च्या मे महिन्यात राजस्थान आणि मध्य प्रदेशमार्गे टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरली. संत्र्याच्या बागांत लोक थाळ्या वाजवत होते आणि बंबाच्या गाड्यांतून फवारणी चालली होती. एक चौरस किलोमीटरचा थवा म्हणजे चार ते आठ कोटी टोळ. दिवसाला सुमारे ३५ हजार माणसांइतकं अन्न तो फस्त करतो. त्या दिवसांत माणसं एकेकट्या खोल्यांत कोंडलेली होती आणि टोळ गर्दी करून हिंडत होते, हे आठवलं की अजूनही विचित्र वाटतं.

इथे सेरोटोनिनबद्दल थोडं थांबायला हवं. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत ते ‘आनंदाचं रसायन’ म्हणून मिरवतं. मला हे नाव पटत नाही. कारण या रसायनाला स्वतःचा असा ठरलेला अर्थच नाही, हे एका क्रेफिशने १९९६ सालीच दाखवलं आहे. क्रेफिश म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातला चुलतभाऊ. शेपटीवर अचानक काही आदळलं की तो पोटाखाली शेपूट मारून झटक्यात निसटतो. हा फटका एका जाडजूड चेतापेशीच्या हुकमावर चालतो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या डोनाल्ड एडवर्ड्स यांच्या गटाने क्रेफिशच्या जोड्या एकत्र ठेवल्या. असे दोघे एकत्र आले की मारामारी ठरलेली आणि थोड्याच वेळात वरचढ कोण, दबून कोण, हेही ठरतं. मग त्यांनी त्या चेतापेशीवर सेरोटोनिन सोडलं. वरचढ क्रेफिशमध्ये पेशी जास्त तत्पर झाली. दबलेल्या क्रेफिशमध्ये तीच पेशी त्याच रसायनाने मंदावली.

पेशी तीच, रसायनही तेच, आणि परिणाम मात्र उलटा. मधला फरक फक्त घरातल्या जागेचा.

याहून मजेदार भाग पुढे आहे. दोन दबलेले क्रेफिश एकत्र ठेवले की त्यातला एक वरचढ होतो आणि काही दिवसांत त्याची पेशीही वरचढाची भाषा बोलू लागते. पण दोन वरचढ एकत्र ठेवले, त्यातला एक हरला, तर हरलेल्याची पेशी सहजासहजी पालटत नाही. वागण्यात तो दबतो, पण आत जुना रुबाब शिल्लक असतो. हे वाचताना वाचकाला कोणाची आठवण होते, ते मी विचारत नाही.

हुद्द्याचा मेंदूवर होणारा परिणाम सगळ्यात बारकाईने तपासला गेला तो एका माशावर. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या उथळ काठाला ॲस्टॅटोटिलापिया बर्टोनी नावाचा बोटभर मासा राहतो. नावावरून वाटतं तितका तो परका नाही. उजनीच्या पाण्यात जी चिलापी सापडते, तिच्याच सिक्लिड कुळातला आहे. स्टॅनफर्डच्या रसेल फर्नाल्ड यांनी त्याच्यावर कित्येक दशकं काम केलं. या माशाच्या नरांत दोन वर्ग असतात. थोडे नर जमीनदार. ते पिवळे किंवा निळे झळकतात, डोळ्यातून तिरपी काळी पट्टी जाते, तळाच्या जागेवर ताबा असतो आणि प्रजननाचा हक्कही त्यांचाच. उरलेले बहुसंख्य नर मळकट रंगाचे, माद्यांच्या घोळक्यात माद्यांसारखेच वावरणारे. जमीनदार गेला की मळकट नर त्याची जागा घेतो आणि काही मिनिटांत अंगावर रंग चढवतो.

फर्नाल्ड, सबरीना बर्माइस्टर आणि एरिक जार्विस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. टाकीत एक जमीनदार आणि एक मळकट नर. पहाटे, दिवे लागण्याआधी, अंधारातच जमीनदाराला उचलून नेलं. दिवे लागले. मळकट नराने पाहिलं की वरची गादी रिकामी आहे. थोड्याच वेळात तो रंगला आणि दादागिरी करू लागला. दिवे लागल्यानंतर वीस मिनिटांच्या आसपास त्याचा मेंदू तपासला तेव्हा प्रजननाचा कारभार सांभाळणाऱ्या भागात एक जनुक जोरात चालू झालेलं सापडलं. ईजीआर-१ हे त्याचं नाव.

जनुक चालू होतं म्हणजे काय? जनुक असतंच पेशीत कायम, पाककृतीच्या वहीसारखं. पण वही उघडून त्या पानावरचा पदार्थ करायला घेतला, की ते चालू झालं. ईजीआर-१ चं पान चेतापेशीत काही नवं, महत्त्वाचं घडलं की लगेच उघडतं आणि मग त्याच्यामागे इतर पानं उघडत जातात. म्हणून संशोधक त्याचा उपयोग पावलांच्या ठशांसारखा करतात. ते कुठे उमटलंय ते पाहिलं की मेंदूचा कुठला भाग नुकताच जागा झाला, हे कळतं. या जनुकाला चार प्रयोगशाळांनी चार नावं दिली होती. पक्ष्यांवर काम करणाऱ्यांनी त्या चारही नावांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘झेंक’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव पुढे लागणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा बारकावा. जे नर आधीपासूनच जमीनदार होते, त्यांच्यात हे जनुक एवढं चालू नव्हतं. म्हणजे हा अधिकाराचा ठसा नव्हता. ‘संधी आली’ हे उमगण्याचा ठसा होता. त्यानंतर मेंदूच्या त्याच भागात प्रजननाची साखळी चालवणारं संप्रेरक सोडणाऱ्या पेशी फुगू लागतात. जमीनदारात त्या मळकट नरापेक्षा कितीतरी पट मोठ्या असतात. जमीनदारी गेली की त्या पुन्हा आकसतात, पण फुगायला लागला त्याहून जास्त वेळ घेऊन. क्रेफिशची आठवण झाली असेलच.

या माशाला लढावंही लागत नाही, नुसतं पाहणं पुरतं. २००७ सालच्या प्रयोगात एका प्रेक्षक नराला काचेआडून लढती दाखवल्या. पहिल्याने दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, चौथ्याने पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची लढत त्याने कधीच पाहिली नव्हती, तरीही तो चौथ्याच्या, म्हणजे कमजोराच्या बाजूला सरकला. माद्यांचं आणखी वेगळं. मादीने निवडलेला नर तिच्यादेखत जिंकला तर तिच्या मेंदूत प्रजननाशी संबंधित भाग उजळले, हरला तर चिंतेशी संबंधित भाग. तिला कोणी हातही लावला नव्हता.

झेंककडे वळू. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला चिमुकला पक्षी आपल्याकडेही हौशी लोकांच्या पिंजऱ्यांत असतो. नर एकच गाणं शिकतो आणि जन्मभर तेच गातो, कधी एकट्यानेच, कधी मादीसमोर. ऐकणाऱ्या माणसाला दोन्ही गाणी जवळजवळ सारखी वाटतील. जार्विस आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली या दोन प्रसंगी नराचा मेंदू तपासला. एकट्याने गाताना गाण्याशी संबंधित एका भागात झेंक जोरात चालू होतं. मादीसमोर गाताना तिथे जेमतेम होतं. गळा तोच, सूर तेच, पण समोर कोण आहे त्यावर आतली हालचाल बदलते. एक स्पष्टीकरण असं की एकट्याचं गाणं हा रियाज आहे. त्यात थोडं इकडेतिकडे करून पाहायला मुभा असते. मादीसमोरचं गाणं ही मैफल, तिथे घोटलेलंच सादर करायचं. मोजून पाहिलं तर मादीसमोरच्या गाण्यात चढउतार खरोखरच कमी असतात. एकाच गवयाला पहाटे तानपुऱ्यासोबत आणि संध्याकाळी सभागृहात ऐकलं असेल, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आतापर्यंत एकेका मेंदूची गोष्ट झाली. दोन मेंदू एकत्र तपासले तर? बर्कलीच्या मायकेल यार्टसेव्ह आणि वुजी झांग यांनी २०१९ साली फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या डोक्यावर बिनतारी नोंदणीयंत्रं बसवून हे केलं. एकाच पिंजऱ्यात वावरणाऱ्या दोन वटवाघळांच्या मेंदूंतली विद्युतहालचाल तासन्‌तास एकमेकांच्या जोडीने चढत-उतरत होती. शंका घेणारा म्हणेल, दोघं एकाच खोलीत होते, तेच आवाज ऐकत होते, मग जुळणारच. म्हणून त्यांना वेगवेगळ्या पण एकसारख्या पेट्यांत ठेवून तेच आवाज ऐकवले. जुळणी गायब झाली. सारखा आवाज ऐकणं वेगळं आणि खरोखर सोबत असणं वेगळं.

सोबत काढून घेतली तरी मेंदू गप्प बसत नाही. कॅलटेकमधल्या २०१८ सालच्या कामात उंदरांना दोन आठवडे एकटं ठेवलं, तर ते भित्रेही झाले आणि मारकुटेही. मेंदूत जागोजागी टॅकिकायनिन नावाचं रसायन वाढलेलं सापडलं. ते एका भागात रोखलं तर भीती कमी व्हायची, दुसऱ्या भागात रोखलं तर मारकुटेपणा. एकच दिवस एकटं ठेवलेल्या उंदरांत हे झालं नाही. केळ्याभोवती घोंघावणारी चिलटंही यातून सुटलेली नाहीत. २०२१ साली दिसून आलं की आठवडाभर एकटं ठेवलेलं चिलट झोपतं कमी आणि खातं जास्त. दोघं सोबत असतील तर तसं होत नाही. लॉकडाऊनमधलं स्वतःचं वजन आठवून इथे हसू येतं, पण चिलटावरून थेट माणसाकडे उडी मारणं बरं नव्हे. क्रेफिश आणि टोळ दोघांतही सेरोटोनिन आहे, तरी ते दोघांत वेगळं बोलतं, हे आपण आत्ताच पाहिलं.

मग टोळांचं सेरोटोनिन रोखून धाड थांबवता येईल का? हा प्रश्न २००९ नंतर लगेच विचारला गेला. अडचण उघड आहे. सेरोटोनिन मधमाशीत आहे, पाखरात आहे, फवारणाऱ्या माणसातही आहे. शेतावर ते औषध मारलं तर ते टोळ शोधून त्याच्याच अंगात शिरणार नाही. म्हणून काहींनी वासाकडे मोर्चा वळवला. बीजिंगमधल्या ल कांग यांच्या गटाने २०२० साली टोळाच्या दुसऱ्या एका जातीत, स्थलांतरी टोळात, ४-व्हिनाईलॲनिसोल हा गंध शोधला. घोळक्यातले टोळ तो सोडतात आणि त्याच्या ओढीने एकटे टोळही, पिल्लं आणि मोठे दोन्ही, जवळ येतात. हा गंध सापळ्यात घालून टोळांना एका जागी गोळा करता येईल का, यावर शेतात चाचण्याही झाल्या. एकट्या टोळाला मात्र हा गंध जवळजवळ नसतोच. तो सुटायला किती टोळ एकत्र यावे लागतात, हेही त्यांनी मोजलं. चार ते पाच.